आरशाचा आवाज

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या हिशेबात काही रक्कम शिल्लक राहिली आणि तिचा कॅमेरा घ्यावा असे ठरले. मोबाईलवर काढलेले फोटो शाळेच्या अंकात छापले की चेहरे भुरकट येतात, ही तक्रार जुनीच होती. मुख्याध्यापकांनी चौकशीचे काम आमच्याकडे सोपवले. आमच्या मामूंचा जालन्यात फोटो स्टुडिओ होता आणि आमचे निम्मे बालपण त्याच्या अंधाऱ्या खोलीत, हायपोच्या वासात गेले, हे शाळेत सर्वांना माहीत आहे. (उर्दूत 'हम' म्हणायची जिभेला सवय, म्हणून मराठीतही 'आम्ही'च येते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.)

चौकशीला गेलो तेव्हा वाटले होते की प्रश्न पैशाचा आणि वजनाचा आहे. तो तेवढाच राहिला असता तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

कॅमेऱ्यांची दोन घराणी आहेत. एक मोठ्या अंगाचे, ज्याला डीएसएलआर म्हणतात. त्यात लेन्सच्या मागे तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर जातो, भिंगातून वळतो आणि आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो, उजेड सेन्सरवर पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. त्याचाच तो 'खटाक्' आवाज. १९५९ मध्ये निकॉनचा 'एफ' आला, तेव्हापासून ही रचना बातमीदारांच्या आणि लग्नवाल्यांच्या गळ्यात आहे. पुढे फिल्म गेली आणि सेन्सर आला, तरी आरसा राहिला. दुसरे घराणे आरसा काढून टाकणारे, मिररलेस. २००८ मध्ये पॅनासॉनिकने असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. यात सेन्सर सरळ लेन्सकडे पाहतो आणि डोळ्याला दिसतो तो एक लहानसा पडदा. आरशाची खोली गेल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ बसते. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात हे अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर होते, नव्यात सोळा आहे. अंग लहान झाले ते त्यामुळे.

आमच्याकडे स्वतःचा सेकंडहँड डी ७१०० आहे आणि मामूंनी दिलेली पन्नास मिलिमीटरची जुनी निकॉन लेन्स. ती यंत्राने नाही, हाताने फिरवून फोकस करायची. निकॉनच्या स्वस्त डीएसएलआरवर अशी लेन्स बसते, पण उजेडाचे माप मिळत नाही. डी ७१०० वर मिळते, म्हणून तो घेतला होता. मामू म्हणत, फोकसची कडी फिरवताना माणसाचा श्वास आपोआप हळू होतो. ते खरे आहे. दोन सेकंद लागतात, कधी चार. तेवढ्यात समोरच्याला कळते की आपला फोटो निघतोय. तो ओढणी सारखी करतो, टोपी सरळ करतो, नको असेल तर मान वळवतो.

शाळेत गणिताचे एक तरुण सर आहेत. त्यांचे मत पहिल्या दिवसापासून लहान कॅमेऱ्याचे. त्यांचे मुद्दे खोटे नव्हते. शाळेच्या बाजींना सहलीला जायचे तर पर्समध्ये मावेल असा हवा. मोठा कॅमेरा पाहून मुले तोंडे वेडीवाकडी करतात किंवा सावधान उभी राहतात. आम्हीही आपले मुद्दे मांडले. एक धुळीचा. आमच्या तालुक्यात मार्च उजाडला की डोळ्यात, दातात, वहीत धूळ असते. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची लेन्स काढली की सेन्सर समोर उघडा पडतो. डीएसएलआरमध्ये त्याच्यापुढे आरसा आणि पडदा उभे असतात. दुसरा बॅटरीचा. डी ७१०० ची बॅटरी कंपनीच्या मोजणीप्रमाणे साडेनऊशे फोटो चालते. लहान कॅमेऱ्यांचा आकडा तीन-चारशेच्या आसपास, कारण पाहण्यासाठीसुद्धा त्यांना वीज लागते. आरशाला वीज लागत नाही. मात्र एक गोष्ट आम्हाला मान्य करावी लागली आणि ती मान्य करताना जरा जड गेले. मामूंची हाताने फिरवायची लेन्स लहान कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून जास्त चांगली चालते. पडद्यावर चित्र मोठे करून पाहता येते, फोकस झालेल्या कडा रंगाने उजळून निघतात. आमच्या डीएसएलआरची काच आपोआप फोकस करणाऱ्या लेन्सांसाठी बनवलेली, तिच्यावर हाताचा फोकस दहापैकी तीन वेळा चुकतो. म्हणजे 'जुने ते सोने' म्हणावे, तर त्या सोन्याची पारख करायला नवेच यंत्र बरे!

शिवाय मोठे घराणे आता वाढत नाही. निकॉनचा डी ६ हा २०२० मध्ये आला, त्यानंतर निकॉनने नवा डीएसएलआर काढलेला नाही. तेव्हा निर्णय जवळपास झाला होता. सरांनी एका ओळखीच्याचा लहान कॅमेरा आठवडाभर वापरायला आणला.

त्या आठवड्यात दहावीच्या गुणपत्रिका वाटायच्या होत्या. कॅमेऱ्यात आवाज बंद करण्याची सोय आहे. पडदा हलतच नाही, सेन्सर विजेवर उघडतो आणि मिटतो. आम्हाला त्याचे भारी अप्रूप वाटले. व्हरांड्यात एका मुलीची आई उभी होती. कापूस वेचायला जाणारी बाई. घरात दहावी पास होणारी ही पहिलीच मुलगी. आईने गुणपत्रिका हातात घेतली, वाचता येत नव्हती तरी वरून खालपर्यंत पाहिली आणि नकाब वर करून डोळे पुसले. आम्ही खांबाजवळ होतो. बटण दाबले. कुणालाच काही ऐकू गेले नाही, आम्हालाही नाही.

फोटो फार चांगला आला होता, हे आजही सांगावे लागेल. स्टाफरूममध्ये सगळे त्यावर झुकले. कुणी तरी म्हणाले, शाळेचे काम म्हणजे हेच. तो शाळेच्या ग्रुपवर गेला आणि तिथून चार दिवसांत नव्या प्रवेशाच्या फ्लेक्सवर. दहा फूट रुंद, रस्त्याकडे तोंड करून. त्यात आमचाच हात होता. फ्लेक्सवाल्याला मोठ्या आकाराचा फोटो आम्हीच दिला.

बाई शाळेत आल्या. सोबत दीर होता, तो चिडलेला होता. बाई चिडलेल्या नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, पहले बोलते तो मैं आँखां पोंछ के खडी रहती."

फ्लेक्स दुपारी उतरवला. पण ते वाक्य उतरले नाही. त्यांची तक्रार चेहरा दिसल्याची असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. ती होतीच, पण बोलल्या त्या दुसरेच. त्यांना फोटो नको होता असे नाही. त्यांना आपल्या लेकीच्या दिवशी आपण कसे दिसावे हे स्वतः ठरवायचे होते. आम्ही तो हक्क खांबाआडून उचलून नेला आणि त्याला कला म्हटले.

तेव्हापासून आम्हाला वाटते की कॅमेऱ्याच्या निवडीत खरा प्रश्न असा आहे: जो माणूस पाहिला जातोय, त्याला ते कळायला हवे की नको? उर्दूत छायाचित्रणाला अक्कासी म्हणतात. अक्स म्हणजे प्रतिबिंब. मराठीत ती छाया, सावली. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत फोटोच्या बाजूने कौल दिला तेव्हा त्यांचे म्हणणे असेच होते की, फोटोग्राफर नवे काही घडवत नाही, असलेली सावली अडकवून ठेवतो. आपल्याकडच्या अनेक उलेमांनी ते मानले नाही आणि तो वाद घराघरात अजून आहे. आमच्या नानींनी मामूंच्या दुकानात कधी पाऊल ठेवले नाही. पण या सगळ्या वादात चित्र जायज की नाजायज एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सावली अडकवली, ठीक. पण सावली कुणाची, आणि त्याला विचारले होते काय? सूरह नूरमध्ये परक्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्यायची आणि सलाम करायचा आदेश आहे. त्याच सूरहमध्ये थोडे पुढे नजर खाली ठेवायचे सांगितले आहे, आणि पुरुषांना ते आधी सांगितले आहे. आम्ही वर्गात हे शिकवतो. लेन्स ही नजरच आहे, हे मात्र तोपर्यंत सुचले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, मग जगातले निम्मे चांगले फोटो पुसून टाका. हा आक्षेप हलका नाही. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ लहानसा लायका वापरत. त्याच्या चकाकणाऱ्या धातूवर ते काळी पट्टी चिकटवत, म्हणजे कुणाचे लक्ष जाऊ नये. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरची दिल्ली त्यांनी टिपली, ती याच कॅमेऱ्याने. ते फोटो नसते तर आपण गरीब झालो असतो. त्याच दिल्लीत होमाई व्यारावाला होत्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, साडी नेसून हातात मोठा कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या. त्यांचे येणे सर्वांना दिसत असे. नव्या छायाचित्रकारांच्या बेशिस्तीला कंटाळून त्यांनी १९७० च्या सुमारास कॅमेरा ठेवून दिला. दोघेही मोठे. पण नेहरूंचा फोटो चोरून काढणे आणि कापूस वेचणाऱ्या बाईचा चोरून काढणे यांत फरक आहे. नेहरूंकडे उत्तर द्यायला वर्तमानपत्र होते.

आणि आमचा निजामाचा मुलूख घ्या. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. सहाव्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांचे कॅमेरे आजच्या डीएसएलआरच्या कितीतरी पट मोठे, तिकाटण्यावर ठेवायचे. त्यांनी १८९० च्या दशकात हैदराबादेत जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळी जागा, आणि फोटो काढायला एक इंग्रज बाई. त्या काळच्या बेगमांना फोटो नको नव्हता. त्यांना हवा होता, आपल्या अटींवर. कापूस वेचणाऱ्या बाईंनी वेगळे काय मागितले होते? बेगमांसाठी भिंत उभी राहिली, बाईंसाठी आम्ही फ्लेक्स उभा केला.

म्हणून मोठा कॅमेरा नेक आणि लहान कॅमेरा चोर, असे लिहून आम्ही मोकळे होणार होतो. पण ते खरे नाही. मोठ्या कॅमेऱ्याचा धाक असतो. आम्ही डी ७१०० घेऊन एकदा बदनापूरकडे मोसंबीच्या बागेत गेलो होतो, तर मजूर उभे राहून आम्हाला साहेब म्हणू लागले. त्यांना वाटले पंचनामा आहे. त्यांनी फोटोला होकार दिला, पण तो होकार होता का? नाही म्हणायची हिंमत नसलेल्याला विचारणे ही परवानगी कशी? शिवाय मोठ्या कॅमेऱ्याला हातभर लांब लेन्स लावून शेताच्या या टोकावरून त्या टोकाचा चेहरा ओढून आणता येतो, तीही उचलेगिरीच, आवाज असून. लहान कॅमेरा घेऊन माणसाशेजारी बसता येते, फोटो तिथेच दाखवता येतो, आवडला नाही तर त्याच्यासमोर पुसता येतो. मामूंच्या लेन्सचा गुण हाताने फिरवण्यात आहे तसा पन्नास मिलिमीटरमध्येही आहे. चेहरा हवा तर जवळ जावेच लागते, इतके जवळ की सलाम न करणे शोभत नाही.

जपानमध्ये मोबाईल विकणाऱ्यांनी फोटो काढतानाचा आवाज बंद करता येणार नाही अशी रीत ठेवली. पूर्वी आम्हाला ते हास्यास्पद वाटे. यंत्राने खोटा 'खटाक्' करायचा, आरसा नसताना आरशाची नक्कल! आता वाटत नाही. मशिदीत शिरताना खाकरणाऱ्या म्हाताऱ्यांचा खोकलाही नेहमी खरा नसतो.

शेवटी शाळेने लहानच कॅमेरा घेतला, सोबत तीन बॅटऱ्या आणि अडॅप्टर. पेटीच्या झाकणावर आम्ही उर्दूत आणि मराठीत चिठ्ठी चिकटवली: आवाज चालू ठेवावा, आणि फ्लेक्सवर जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याची सही घ्यावी. सरांना पहिली अट पटत नाही. किरअतच्या स्पर्धेत मुलगी तिलावत करत असताना मध्येच टकटक वाजते, हे अदबीत बसते काय, असा त्यांचा सवाल आहे आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही. ते आवाज बंद करतात, पेटी आमच्याकडे आली की आम्ही चालू करतो. असे गेले काही महिने चालले आहे.

बाईंचा दुसरा फोटो काढायला आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो, मामूंची लेन्स लावून. दीराने चहा दिला. बाई आत गेल्या, त्यांना तयार व्हायला अर्धा तास लागला. लेकीला शेजारी उभे केले, गुणपत्रिका छातीशी धरायला लावली, नकाब खाली ओढला आणि नुसते डोळे उघडे ठेवले, कोरडे. फोकस त्यांच्याऐवजी मुलीच्या खांद्यावर बसला. तो फोटो पहिल्याच्या निम्माही नाही. बाईंनी त्याच्या चार प्रती मागितल्या.