हात दुसऱ्याचा, उत्तर आपले

स्पर्धा परीक्षेच्या दालनात दृष्टिहीन उमेदवाराच्या शेजारी जो लेखनिक बसतो, त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कारण वरकरणी त्याचे काम एवढेच दिसते, की प्रश्न वाचून दाखवावा आणि उमेदवार जो पर्याय सांगेल त्याचे वर्तुळ शाईने भरावे. परंतु सांगितलेला पर्याय चुकीचा आहे हे लेखनिकाच्या ध्यानात येते, आपल्या मित्राचे किंवा क्वचित सख्ख्या थोरल्या भावाचे वर्षभराचे श्रम त्या एका वर्तुळापाशी अडू शकतात हेही त्याला ठाऊक असते, आणि तरीही जो मुलगा आवाज बदलू देत नाही, पेन क्षणभर थांबवीत नाही, व ते चुकीचे वर्तुळ इतर वर्तुळांइतक्याच निगुतीने भरतो, त्याने पाळलेले सत्याचे व्रत मोठमोठ्या अधिकारपदांवरील माणसांनाही सहज साधण्याजोगे नाही.

नांदेडच्या अभ्यासिकांतून अशा जोड्या सराव करीत असतात. 'तिसरा परत वाच.' 'सावकाश.' 'अरे, चारही सारखेच वाच; दुसऱ्यावर जोर कशाला देतोस?' हे शेवटचे वाक्य उमेदवाराच्याच तोंडचे असते, आणि त्यातील स्वाभिमान ज्याच्या कानी पडला, त्याला दिव्यांगांच्या सवलतींविषयी कुजबुजत बोलले जाणारे पुष्कळसे बोलणे कायमचे हलके वाटू लागेल. राज्यसेवा पूर्वपरीक्षेची जी दुसरी प्रश्नपत्रिका उमेदवारांच्या बोलण्यात 'सीसॅट' म्हणून रूढ आहे, तिच्यात दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात व त्यांतील मोठा भाग उताऱ्यांवरचा असतो. डोळस उमेदवार उत्तर शोधताना उताऱ्यावरून पुन्हापुन्हा नजर फिरवतो, ती फिरली हेही त्याच्या ध्यानात येत नाही. ज्याला तो उतारा ऐकावा लागतो, त्याने तो संपूर्ण स्मरणात धरायचा, त्यावरचा प्रश्न धरायचा, चार पर्याय धरायचे, आणि मग कुठे विचाराला आरंभ करायचा. २९ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी अशा उमेदवारांना तासामागे किमान २० मिनिटे अधिक द्यावीत असे ठरवले. म्हणजे दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेला ४० मिनिटे. राज्य लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत त्याला अनुग्रह कालावधी म्हणतात. उतारा तीनदा ऐकणाऱ्याला ही ४० मिनिटे कशी पुरतात, हे त्याचे त्यालाच माहीत.

या व्यवस्थेच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते मला फार मोलाचे वाटते. जे उणे आहे ते, आणि तेवढेच, भरून द्यावे. ज्याला दिसत नाही त्याला डोळे उसने द्यावेत. ज्याचा हात चालत नाही त्याला हात उसना द्यावा. परंतु बुद्धी, स्मृती आणि निर्णय ही ज्याची त्याचीच राहावीत, कारण परीक्षा त्यांची आहे. माहूरच्या रेणुकामातेच्या गडाच्या पायऱ्या जिला चढवत नाहीत, अशा आजीला नातवाने पाठीवर घेऊन वर न्यावे. पण देवीपुढे हात जोडायचे ते आजीनेच, आणि मागणे मागायचे तेही तिनेच. नातवाने पायऱ्यांखालीच तिला थांबवून 'तुझ्या वतीने मी दर्शन घेऊन येतो' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'चालता येत असेल तर ये, नाहीतर राहू दे' म्हणणेही. आपला समाज शतकानुशतके या दोन्ही चुका आळीपाळीने करीत आला; एकीला त्याने दया म्हटले आणि दुसरीला व्यवहार.

कायद्याचा इतिहासही या नेमक्या मापाकडे सावकाश सरकत गेलेला आहे. १९७७ साली केंद्राने अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या त्या केवळ क आणि ड वर्गांत; अंध माणसाने वेताची खुर्ची विणावी, फार तर टेलिफोनच्या खोलीत बसावे, पण निर्णयाच्या खुर्चीवर बसू नये, हा त्यामागचा अलिखित समज होता. १९९५ च्या अधिनियमाने ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला केला, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने आरक्षण चार टक्के केले, दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, व त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच होय असे स्पष्ट शब्दांत सांगितले. या वाक्याचे वजन अजून आपल्या कचेऱ्यांच्या अंगवळणी पडलेले नाही. सोय मागणारा याचक आणि देणारा उपकारकर्ता, ही जुनी मांडणी त्या वाक्याने मोडून काढली आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१८ च्या परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या विकाश कुमार यांना लिहिताना हात आखडण्याची व्याधी होती. त्यांनी लेखनिक मागितला आणि तो नाकारला गेला, कारण कागदावरच्या टक्केवारीत त्यांची व्याधी बसत नव्हती. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला तो असा, की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी नव्हे. आणि काही जण गैरफायदा घेतील ही भीती खऱ्या गरजूचा हक्क नाकारण्यास पुरेशी नाही. पुढे १० ऑगस्ट २०२२ रोजी चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यास अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या.

गैरफायदा होतच नाही असे म्हणण्याचा भाबडेपणा मात्र कोणी करू नये. २०२४ साली आपल्याच राज्यात, पुण्यात परिविक्षाधीन असलेल्या एका सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांविषयी प्रश्न उपस्थित झाले, त्याच वर्षी ३१ जुलै रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने ती उमेदवारी रद्द केली, आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाचा शब्द येईपर्यंत दोषाविषयी मी काही म्हणत नाही. पुढे राज्यात दिव्यांग म्हणून नोकरीत असलेल्यांच्या दाखल्यांची फेरतपासणी करण्याचे हुकूम सुटले. तपासणी व्हावी, खोटा दाखला घेणाऱ्यास शासन व्हावे. २०१६ च्या अधिनियमातच त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खोटा दाखला ज्याने दाखल केला, त्याने केवळ सरकारची फसवणूक केली असे नाही. एका विशिष्ट माणसाची, बहुधा तालुक्याच्या गावातून आलेल्या आणि कोणाशी ओळख नसलेल्या माणसाची, जागा त्याने उचलून नेली. हे पाप मला मोठे वाटते. परंतु त्यानंतर जे घडते ते अधिक मन विषण्ण करणारे आहे: चोर सापडला म्हणून संशय मात्र सगळ्या आळीवर येतो. लहानपणापासून कुबडीच्या आधाराने चालणाऱ्या मुलाला अर्ज भरताना, दाखल्यांच्या पडताळणीच्या वेळी, आणि निवड झाल्यावर वैद्यकीय मंडळापुढे पुन्हा आपले पाय दाखवावे लागतात, आणि प्रत्येक वेळी पाहणाऱ्याच्या नजरेत 'हा खरा की खोटा' हा प्रश्न त्याला वाचता येतो. खातरजमेचा भार ज्याच्या अंगी बळ कमी त्याच्याच खांद्यावर वारंवार का टाकावा? दिव्यांगांसाठीच्या वैश्विक ओळखपत्राची व्यवस्था आली ती याचसाठी, की एकदा नीट तपासावे आणि मग विश्वास ठेवावा.

माहूरकडून पाहिले म्हणजे या सर्व सोयींचा आणखी एक अपुरेपणा दिसतो. कायद्याने दिलेल्या सोयी परीक्षा-दालनाच्या उंबरठ्यापाशी सुरू होतात. माहूरच्या उमेदवाराची परीक्षा त्याआधीच सुरू झालेली असते. जिल्ह्याचे ठिकाण नांदेड, सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. वाट किनवटच्या डोंगराळ मुलखातून. दाखल्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जायचे तर तिकडे, परीक्षा द्यायची तर तिकडे, आणि कागदात त्रुटी निघाली तर पुन्हा तिकडे. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगास तीन-चतुर्थांश सवलत आहे, ही कृतज्ञतेने नमूद करण्याजोगी गोष्ट. परंतु गाडीची पहिली पायरी जमिनीपासून जेवढी उंच आहे तेवढी ती उंचच राहते, आणि सकाळच्या परीक्षेस वेळेवर पोचायचे तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च दोघांचा करावा लागतो, कारण लेखनिकही सोबत न्यायचा असतो. माहूरचा दृष्टिहीन उमेदवार आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतला दृष्टिहीन उमेदवार कायद्याच्या दृष्टीने समान. दोघांनाही तीच ४० मिनिटे. माहूरच्या मुलाचे जे उणे राहिले ते कोणत्याच रकान्यात नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची हकीकत या संदर्भात आठवावी. वयाच्या सहाव्या वर्षी दृष्टी गेलेल्या या मुलीने २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवला. रेल्वेच्या लेखा सेवेत नेमणूक व्हायची तर अंधत्वाचे कारण देऊन ती नाकारली गेली. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला, परीक्षेत न विचारलेल्या कारणासाठी, दाराशी थांबवण्यात आले! पुढच्याच वर्षीच्या परीक्षेत त्या १२४ व्या आल्या, भारतीय प्रशासन सेवेत गेल्या, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. संगणकावरील अक्षरे वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने त्यांनी अभ्यास केला. जो लेखनिक परीक्षेत मुलगा असतो, तो इथे यंत्र झाला, एवढाच फरक. आपल्या मराठवाड्यातील बीडचे जयंत मंकले, ज्यांची दृष्टी बव्हंशी गेलेली होती, २०१९ च्या परीक्षेत १४३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. ३ मार्च २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायिक सेवेबाहेर ठेवणारा मध्यप्रदेशाचा नियम रद्द केला, आणि न्यायाधीशाच्या आसनाचे दारही उघडले. ही नावे मी पराक्रमाच्या कथा म्हणून सांगत नाही. माणूस विलक्षण असला तरच त्याला संधी द्यायची, हा निकष डोळस उमेदवारांना आपण कधी लावलेला नाही. कारकुनाच्या जागेस योग्य असलेल्या साध्या दिव्यांग मुलाला कारकुनाची जागा मिळाली, म्हणजे कायदा सफळ झाला.

हे सारे ज्या एका ठिकाणी अडते ते ठिकाण लहान आहे, आणि आपल्या हातचे आहे. चांगला लेखनिक मिळत नाही. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचे शिक्षण उमेदवाराहून एक पायरी कमी असावे असा २०१८ चा नियम होता. त्याचा हेतू स्वच्छ होता, परंतु पदवीधर उमेदवाराच्या तोंडच्या अर्थशास्त्रातील संज्ञा आणि आकडे बारावीच्या मुलाला सरावावाचून लिहिता येत नाहीत, आणि २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे केवळ वर्तुळे भरणारा हात आता पुरणारा नाही. २०१८ च्या त्याच सूचनांत जिल्हा पातळीवर लेखनिकांची यादी सिद्ध ठेवण्याची, आणि परीक्षेपूर्वी दोन दिवस उमेदवाराला आपला लेखनिक पारखून पाहू देण्याची तरतूद होती. माहूर आणि किनवटच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुला-मुलींतून वीस-पंचवीस जणांची अशी यादी करता येईल. त्यांना शुद्ध आणि सम आवाजात वाचण्याचा, सांगितलेले जसेच्या तसे उतरवण्याचा महिनाभर सराव देता येईल. यादी तहसील कचेरीत लावता येईल, आणि नांदेडच्या केंद्रावर जाणाऱ्या जोडीचे भाडे व मुक्काम लोकवर्गणीतून सहज भागेल. त्यासाठी नवा कायदा किंवा नवे पद लागणार नाही. एखाद्या प्राचार्याने आणि तहसीलदाराने अर्धा दिवस एकत्र बसून पुढची जाहिरात निघण्याआधी हे मनावर घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.