हरायला एक जागा

मे २००५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने एक खेळ बाजारात आणला. त्यात राक्षस नव्हते, बंदुका नव्हत्या, मोटारींच्या शर्यतीही नव्हत्या. हातात मावणाऱ्या यंत्रावर भराभर बेरजा-वजाबाक्या करायच्या, उतारा मोठ्याने वाचायचा, ‘निळा’ हा शब्द लाल रंगात दिसला की न अडखळता ‘लाल’ म्हणायचं. एवढं झालं की यंत्र तुमच्या मेंदूचं वय सांगणार. सर्वांत चांगलं वय २०. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ र्युता कावाशिमा यांच्या पुस्तकावर हा खेळ बेतलेला होता. एरवी व्हिडिओ गेमच्या वाटेला न जाणाऱ्या प्रौढांनीही तो घेतला. जगभरात त्याच्या सुमारे १ कोटी ९० लाख प्रती खपल्या. पंचेचाळिशीच्या माणसाला ‘तुमचा मेंदू साठीला आला’ असं सांगितलं, की तो दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा उघडतोच, हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं.

आता तसे खेळ प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. सुडोकू, शब्दकोडी, रंगीत गोळ्या जुळवणं, बुद्धिबळ. पन्नाशीतली मंडळी लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, रात्री अंथरुणात ते खेळत असतात आणि कुणी टोकलं तर उत्तर तयार असतं : मेंदूला चालना मिळते. हे उत्तर खरं की नुसतं सोयीचं? माझ्या मते ते अर्धं खरं आहे. खेळ येत नसतो तोवर खरं, येऊ लागला की सोयीचं.

मुळात चाळिशीनंतर सगळंच उताराला लागतं, हा समज चुकीचा आहे. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये एक दीर्घ पाहणी सुरू केली. दर सात वर्षांनी त्याच माणसांच्या पुन्हा चाचण्या घ्यायच्या, अशी तिची रीत. शब्दांवरची पकड, तर्क लावणं, आकृती मनातल्या मनात फिरवून पाहणं या गोष्टी मध्यम वयात भरात असतात, असं तिच्यातून दिसलं. घसरतो तो वेग, आणि तो तरुणपणीच घसरू लागतो. म्हणजे पन्नाशीतला माणूस जरा संथ झालेला असतो, मठ्ठ नव्हे. उलट अनुभवामुळे त्याचं बरंचसं काम डोकं न लावता उरकतं. चेक तपासणं, वर्गावर शिकवणं, वीस माणसांचा स्वयंपाक, रोजचा घाट उतरणं, सगळं हातात बसलेलं. घोळ इथूनच सुरू होतो.

टेट्रिस हा खेळ पुष्कळांना आठवत असेल. वरून पडणारे चौकोनी तुकडे फिरवून रांगेत बसवायचे. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला. पुढे कॅलिफोर्नियात रिचर्ड हायर यांनी टेट्रिस शिकणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली आणि मेंदू किती साखर जाळतो ते मोजलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलटाच निघाला. काही आठवड्यांच्या सरावानंतर खेळ कित्येक पटींनी सुधारला होता आणि मेंदूच्या बाह्य थरातला साखरेचा खप कमी झाला होता. हात बसला, तसे मेंदूचे कष्ट घटले. यात वाईट काही नाही. शिकणं म्हणजे काही अंशी हेच. पण मग एखादा खेळ दहा वर्षं रोज जिंकणाऱ्याने आपल्या मेंदूला व्यायाम मिळतोय असं समजावं का?

शिवाय एका गोष्टीतलं कसब दुसरीकडे आपोआप पोचत नाही. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध केली. सुरुवातीला तो चारचौघांसारखे सातेक अंक ऐकून परत म्हणू शकायचा. दीड-पावणेदोन वर्षांच्या सरावानंतर तो ७९ अंकांपर्यंत गेला. हा विद्यार्थी पळणारा गडी होता, म्हणून अंकांचे गट तो शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. नंतर त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहावर आली. त्याची स्मरणशक्ती वाढलीच नव्हती. त्याने अंकांपुरती एक युक्ती घडवली होती.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर तपासली गेली ती ब्रिटनमध्ये. बीबीसीच्या एका विज्ञान कार्यक्रमाच्या मदतीने एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी १८ ते ६० वयाच्या ११,४३० लोकांना सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळायला लावले. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल छापून आला : जे खेळ खेळले, त्यांत सगळे सुधारले. त्यांच्याशी अगदी मिळत्याजुळत्या, पण न खेळलेल्या चाचण्यांत तो फायदा उतरला नाही. बाजाराने मात्र आपली जाहिरात चालूच ठेवली. लुमॉसिटी हे ॲप विकणाऱ्या कंपनीने आपले खेळ स्मृतिभ्रंशही लांब ठेवतात असा दावा केला होता. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल तिच्याकडून २० लाख डॉलर भरून घेतले.

इथे थांबलं तर ‘हे सगळं थोतांड’ म्हणून मोकळं होता येईल. तसं करता येत नाही, कारण दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. अमेरिकेत ‘ॲक्टिव्ह’ नावाच्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या २,८०२ लोकांचे गट केले गेले. एका गटाला स्मरणशक्तीच्या क्लृप्त्या शिकवल्या, दुसऱ्याला तर्काच्या, तिसऱ्याला संगणकावर वेगाचा सराव दिला आणि चौथ्याला काहीच शिकवलं नाही. वेगाचा सराव असा : पडद्याच्या मधोमध क्षणभर एक वाहन चमकणार, त्याच क्षणी कडेला दुसरं. मधलं कोणतं होतं आणि कडेचं कुठे होतं, दोन्ही सांगायचं. दहा वर्षांनंतर या वेगवाल्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका काहीच न शिकवलेल्या गटापेक्षा २९ टक्क्यांनी कमी आढळला. स्मरणशक्तीच्या गटात तसा फरक दिसला नाही.

या सरावात वेगळं काय होतं? माणसाला जमू लागलं की यंत्र वेग वाढवायचं. हात बसूच द्यायचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ॲडम गॅझली यांच्या प्रयोगशाळेने केलेला ‘न्यूरोरेसर’ हा खेळही असाच. गाडी वळणावर ठेवायची आणि त्याच वेळी ठरावीक खूण दिसली तरच बटण दाबायचं. तोही खेळाडूच्या प्रगतीबरोबर अवघड होत जायचा. ६० ते ८५ वयाच्या लोकांमध्ये त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकला, असं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. कॅनडात पंचावन्न ते पंचाहत्तरीच्या लोकांना सहा महिने ‘सुपर मारिओ ६४’ हा मुलांचा खेळ दिला होता, त्यांच्या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात वाढ दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण त्रिमितीय अनोळखी जगात वाट शोधणं हे रंगीत गोळ्या फोडण्यापेक्षा निराळं काम आहे, एवढं म्हणता येतं.

मला सर्वांत बोलका वाटतो तो डेनिस पार्क यांचा टेक्सासमधला प्रयोग. त्यात खेळच नव्हता. साठीपुढच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला साधारण पंधरा तास, डिजिटल फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकवलं. दुसऱ्या एका गटाने तेवढाच वेळ गप्पा, सहली, माहितीतल्या करमणुकीत घालवला. घटनांची स्मृती सुधारली ती नवं शिकणाऱ्यांची. दोन्ही गटांत माणसं होती, वेळ होता, मजाही होती. फरक एवढाच की एका गटाला रोज काहीतरी जमत नव्हतं.

आपल्याकडे मध्यम वयाला नेमकी हीच संधी मिळत नाही. पन्नाशीच्या माणसाने सगळ्यांना सांगायचं असतं, कुणाला विचारायचं नसतं. कचेरीत तो साहेब किंवा मॅडम, घरात दादा किंवा काकू. तिकीट काढायचं तर मुलगा फोन हातातून घेऊन दोन मिनिटांत काढून देतो. प्रेमानेच, पण चुकायची पाळी येऊच देत नाही. संगणकावरचा खेळ ही अशा माणसाला मिळालेली दुर्मीळ जागा आहे. तिथे तो आठवीतल्या भाच्याकडून बुद्धिबळात चौदाव्या चालीला मार खाऊ शकतो आणि त्याचं काही बिघडत नाही. मात्र तो तिथेही स्थिरावतो. १९९० मध्ये विंडोजबरोबर पत्त्यांचा पेशन्स आला. पुढे कचेऱ्यांत संगणक बसले तेव्हा पुष्कळांचा हात माऊसवर बसला तो याच खेळाने. ते शिकणं महिनाभराचं होतं. पुढची पंधरा वर्षं जे चाललं, ती सवय होती. आजची ॲपं तर सवयीचाच धंदा करतात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटल्याची हळहळ. तुम्ही खेळ सोडून दुसरं काही शिकायला जाणं त्यांना परवडणारं नाही.

तेव्हा खेळताना दोन हिशेब वेगळे ठेवावेत. पहिला हिशेब खेळ कशाच्या जागी आला याचा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचे टाळता किंवा आवरता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यांत मध्यम वयातली कमी होणारी श्रवणशक्ती, रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, बैठी राहणी हे ठळकपणे येतात. कानाची तपासणी टाळून आणि संध्याकाळचं फिरणं मोडून सोडवलेला सुडोकू घाट्याचाच. दुसरा हिशेब अवघडपणाचा. नव्या खेळात पहिले काही आठवडे आपण चुकतो, चिडतो, पुन्हा करतो. कमाई असेल तर ती त्या आठवड्यांतली. स्कोअर चढू लागला की आनंद जरूर मानावा, आवडत असेल तर करमणूक म्हणून तो खेळ चालूही ठेवावा. मेंदूच्या नावावर मात्र तो वेळ मांडू नये. त्या नावावर मांडायचाच असेल, तर न येणारा दुसरा खेळ उघडावा, नाहीतर फोन ठेवून तबल्याच्या क्लासला नाव घालावं.