कानाने पुस्तक चाळताना

फोनोग्राफचा शोध लागल्यावर वर्षभरातच, १८७८ साली, थॉमस एडिसनने एका अमेरिकी नियतकालिकात या यंत्राच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली. पहिला उपयोग पत्रे तोंडी सांगण्याचा. दुसरा अंधांसाठी बोलणाऱ्या पुस्तकांचा, आणि तिथे त्याने आवर्जून म्हटले होते की ही पुस्तके ऐकताना अंधांना कसलेही कष्ट पडणार नाहीत. हेतू चांगलाच होता. पण ही 'कष्ट न पडता'ची कल्पना पुढे शंभर वर्षे या क्षेत्राच्या मानगुटीवर बसली. अंध माणूस खुर्चीत बसला आहे, पुस्तक आपले आपण चालू आहे आणि त्याने फक्त ऐकायचे आहे. वाचक म्हणजे श्रोता, एवढेच गृहीत धरले गेले.

डोळस माणूस असा कधीच वाचत नाही. तो आधी अनुक्रमणिका पाहतो, कंटाळवाणी प्रस्तावना ओलांडतो, हे पात्र मघाशी कुठे आले होते म्हणून चार पाने मागे जातो, तळटीप वाचतो किंवा सरळ सोडून देतो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर पहिल्या पानापासून पुस्तक कोण वाचतो? हे सगळे हात आणि डोळे इतक्या सहज करतात की त्याला वाचन म्हणतात हेच आपल्या लक्षात येत नाही.

गंमत अशी की यंत्रे येण्याआधी अंध वाचकाला हे बऱ्यापैकी साधत होते. विदर्भातले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तरी वेदान्तापासून स्पेन्सर-डार्विनपर्यंत त्यांनी वाचून घेतले आणि शंभरावर ग्रंथ रचले. त्यांच्या अलौकिक स्मरणशक्तीचे गोडवे गायले जातात, आणि ते रास्तच आहे. पण मला वाटते, त्यांच्यापुढे बसून वाचणाऱ्या माणसांचे श्रेय आपण फार कमी मोजतो. माणसाला 'थांब' म्हणता येते. 'ते मागचे पुन्हा वाच', 'तो दुसरा ग्रंथ काढ' असे सांगता येते. शिवाय आपल्या पोथ्यांना अध्याय आणि ओवीचे क्रमांक होते. अठराव्या अध्यायातली अमुक ओवी म्हटले की, पाठभेदाने थोडे पुढेमागे झाले तरी, कुठल्याही प्रतीत जागा सापडते. पानांवर अवलंबून नसलेली ही पत्त्याची सोय पुढच्या गोष्टीत फार महत्त्वाची ठरणार होती.

बोलकी पुस्तके प्रत्यक्षात आली ती अमेरिकेत १९३४ साली आणि ब्रिटनमध्ये १९३५ साली. ब्रिटनमध्ये तर त्यामागे पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांची निकड होती. मोठ्या वयात बोटांना ब्रेल शिकवणे अनेकांना जमत नव्हते. त्यांच्यासाठी संथ फिरणाऱ्या तबकड्या तयार झाल्या. एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटांचे वाचन मावे, म्हणजे एका कादंबरीला दहाएक तबकड्या. ज्यांना काहीच वाचता येत नव्हते त्यांच्या हाती साहित्य आले, याचे मोल मोठेच. पण माणसाला म्हणता येणारे 'थांब, मागे जा' इथे हरवले. सुई उचलून अंदाजाने ठेवा आणि नशीब आजमावा.

कॅसेट आल्यावर पुस्तक स्वस्त आणि हलके झाले. आपल्याकडेही स्वयंसेवक घरच्या खोलीत दारे-खिडक्या बंद करून, पंखा थांबवून पाठ्यपुस्तके वाचू लागले. शिट्टी घालणारा कुकर आणि रस्त्यावरचा भाजीवाला यांच्यासकट अनेक पिढ्यांनी ती ऐकली आहेत. जागा शोधण्यासाठी तेव्हा एक नामी युक्ती निघाली. प्रकरण सुरू होताना फितीवर खर्जातला एक सूर मुद्रित करत. नेहमीच्या गतीत तो जेमतेम जाणवे, पण फीत भरभर पळवली की स्पष्ट 'बीप' ऐकू येई. बीप मोजत पाचव्या प्रकरणाशी पोहोचायचे. मला ही युक्ती फार महत्त्वाची वाटते. आवाजाच्या सलग प्रवाहात खुणेचे दगड रोवायला हवेत, हे इथे पहिल्यांदा कुणीतरी कृतीतून मान्य केले होते.

त्या खुणांचे शास्त्र झाले स्वीडनमध्ये. तिथल्या बोलक्या पुस्तकांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विद्यापीठातल्या अंध विद्यार्थ्यांची अडचण सोडवायची होती. कादंबरी सलग ऐकता येते, पण संदर्भग्रंथ कॅसेटवर निरुपयोगी. तिथून जे तंत्र जन्मले त्याचे नाव 'डेझी'. १९९६ साली अनेक देशांतल्या अशा ग्रंथालयांनी मिळून डेझी कन्सॉर्शियम स्थापन केले. एका सीडीवर चाळीसएक तासांचे वाचन मावू लागले, पण खरा बदल तो नव्हता. आवाजाच्या जोडीला आता शीर्षकांची एक फाइल होती आणि प्रत्येक शीर्षक आवाजातल्या नेमक्या क्षणाला बांधलेले होते.

डेझी वाजवणारे यंत्र हातात घेतले तर त्यावर फोनसारखी अंकांची बटणे असतात. ४ दाबले की मागे, ६ दाबले की पुढे. किती पुढे, हे २ आणि ८ ने ठरते. एकदा दाबले की प्रकरणाप्रकरणाने उडी, आणखी एकदा दाबले की उपशीर्षकाने, मग पानाने, मग वाक्याने. पान क्रमांक टाकून थेट तिथे जाता येते. खूण ठेवता येते. गती वाढवली तरी आवाज चिरका होत नाही. वाचकाने कष्ट करायचे, पण आपल्या मर्जीने. एडिसनच्या यादीतली ओळ इथे उलटली.

पुढचे पाऊल मला याहून धाडसी वाटते. जॉर्ज कर्शर हा अमेरिकी माणूस स्वतः दृष्टी गमावल्यावर १९८०च्या दशकापासून एकच गोष्ट सांगत होता: पुस्तक आधीच संगणकात टंकलेले असते, मग ते पुन्हा वाचून का घ्यायचे? पुढे तो डेझीच्या कामात अग्रणी झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूळ वस्तू म्हणजे नीट बांधलेला मजकूर. त्यातून आवाज, ब्रेल, मोठा टाइप, काय हवे ते काढा. २००८ साली वर्डमधली फाइल थेट डेझीमध्ये जतन करणारी जोडणी आली. २०११ साली ईपब ३ या सर्वसाधारण ई-पुस्तकाच्या रचनेतच डेझीची वैशिष्ट्ये सामावली गेली. अंधांसाठी वेगळे पुस्तक, ही कल्पनाच तिथे गळून पडू लागली.

मग मराठीत घोडे कुठे अडते? आपण शीर्षक कसे करतो ते पाहा. ओळ मध्यभागी घेतो, ठळक करतो, टाइप मोठा करतो. डोळ्याला ते शीर्षक दिसते, यंत्राला मात्र ते एक जाडसर वाक्य असते. अशा तीनशे पानांच्या फाइलमधून डेझी पुस्तक केले तर एकही प्रकरण हाती लागत नाही. सलग तीनशे पानांची कॅसेटच, फक्त नव्या वेष्टनात. दुसरे दुखणे युनिकोडपूर्व फॉन्टचे. पडद्यावर देखणे मराठी दिसते, पण आत साठवलेली चिन्हे भलतीच असतात, आणि वाचन करणारे सॉफ्टवेअर त्या जागी निरर्थक अक्षरांची रांग बडबडते. मराठी प्रकाशनांचा किती तरी मोठा साठा असाच पडून आहे. कृत्रिम आवाजांचे मी फार मनावर घेत नाही. 'चारा' आणि 'चार' यांतला च काही आवाजांना अजून वेगळा करता येत नाही, हे खरे. पण सरावलेले अंध वाचक दुप्पट-तिप्पट गतीने तो आवाज ऐकतात आणि अशा चुका मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातात. कथा-कादंबरीला मात्र माणसाचाच आवाज हवा, असे त्यांतले बरेचजण म्हणतात.

कायद्याची सबब आता उरलेली नाही. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रत करण्याची मुभा दिली. अशीच मुभा सर्व देशांत मिळावी म्हणून झालेल्या २०१३च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश, २०१४ साली. २०१६पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. तरीही एखादे मराठी पुस्तक मागितले की स्वयंसेवक छापील प्रत स्कॅन करतात, छापील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या (ओसीआरच्या) चुका ओळीओळीने काढतात, महिना-दोन महिने घालवतात. आणि त्याच पुस्तकाची मूळ फाइल प्रकाशकाच्या संगणकात तशीच पडलेली असते. या सेवाभावाचे कौतुक करताना मला राग येतो.

म्हणून लेखकांना, प्रकाशकांना आणि नोट्स वाटणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. युनिकोडमध्ये लिहा. प्रकरणाचे नाव ठळक करून थांबू नका. त्या ओळीवर कर्सर ठेवून वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १ ही बटणे एकत्र दाबा, उपशीर्षकासाठी १ ऐवजी २. पुस्तक छापून झाले की ती फाइल जवळच्या अंधांच्या ग्रंथालयाला पाठवून द्या.