डब्यातली अहिंसा

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक छोटी तपासणी होते. शाळेतून आलेल्या नातीच्या दप्तरातून आज्जी डबा बाहेर काढते, झाकण उघडते आणि आत काय उरले आहे ते पाहते. उत्तरपत्रिका तपासण्यात माझी उमर गेली; पण इतक्या बारकाईने मी कधी कुणाचा पेपर पाहिल्याचे स्मरत नाही.

गेल्या दोन वर्षांपासून या तपासणीला निराळेच गांभीर्य आले आहे. सूनबाईने दूध सोडले. दूध म्हणजे त्याबरोबर दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर सगळेच, आणि मधसुद्धा. मांस-अंडी आमच्या घरात पूर्वीपासूनच नव्हती. या आहाराला इंग्रजीत 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला. आपल्याकडे 'शाकाहारी' म्हटले की दूध-तूप गृहीतच असते, त्यामुळे नेमका मराठी शब्द सापडत नाही. आज्जीने मात्र तो शोधला आहे. ती म्हणते, "दुधाचा उपास."

स्वतःपुरते व्रत असते तर कुणी काही बोलले नसते. आपल्या घरांत उपासतापासांना कधी कमी नव्हती. पण नातीच्या डब्यातूनही दह्याची कवडी आणि पोळीवरचे तूप गेले, तेव्हा घरात धुसफूस सुरू झाली. "पोरीच्या अंगावर मूठभर मांस नाही आणि हिचं दूध बंद! तिला कुणी विचारलं काय?" हा आज्जीचा सवाल. नात आठ वर्षांची आहे. आईबापांनी आपले व्रत मुलाच्या डब्यात घालावे का, या प्रश्नावर मी तेव्हापासून विचार करतो आहे.

सूनबाईची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. तिचे माहेर खानापूर तालुक्यातले, घरी म्हशी. म्हैस व्याली आणि रेडकू नर निघाले की त्याच्या वाट्याला दूध कमीच यायचे. नांगराला बैल असायचे, रेड्याला काम नसायचे, मग खाणारे तोंड कोण पोसणार? रेडकू आठ-पंधरा दिवसांत मरायचे. मग त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायचे. म्हैस ते चाटायची, पान्हा सोडायची आणि चरवी भरायची. "बाबा, ते चाटणं मी लहानपणी रोज बघितलंय. तेव्हा काही वाटलं नाही. स्वतःच्या मुलीला पाजलं तेव्हा आठवलं," एवढेच ती मला म्हणाली. लहानपणी असले पेंढ्याचे रेडकू मीही पाहिले आहे. आणि त्या दुधाचा चहा आवडीने प्यालो आहे.

आता आज्जीचा सवाल. मुलीला कुणी विचारले? खरे तर कुणालाच कुणी विचारत नाही. आमच्या या भागात जैन शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या कितीतरी घरांतली मुले दिवे लागायच्या आत जेवून घेतात, कांदा-बटाटा त्यांच्या ताटात येत नाही. शेजारच्या घरी रविवारी मटण शिजते, तिथल्या मुलाचीही संमती कुणी घेतलेली नसते. आणि माझ्या मुलाला रोज सकाळी नाक दाबून पेलाभर दूध पाजणाऱ्या आज्जीने तरी त्याला कुठे विचारले होते? मूल जन्मते तेच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. तेव्हा 'लादणे' हा शब्द वापरायचा तर तो सगळ्यांनाच लागू होतो.

पण लादणाऱ्यावर एक जबाबदारी मात्र येते. जो डब्यातून काही काढून घेतो, त्याने त्या जागी काय घातले ते सांगितले पाहिजे. सूनबाई या परीक्षेत उतरली, हे मी मास्तर म्हणून नमूद करतो. सोमवारी मोड आणून वाळवलेल्या नाचणीची भाकरी, तिच्यात शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा गुंडाळलेला. मंगळवारी तेल लावलेली पोळी आणि मटकीची उसळ. बुधवारी हिरव्या मुगाची धिरडी, सोबत कारळ्याची चटणी, जिला आमच्याकडचे कानडी शेजारी गुरेळ्ळु म्हणतात. गुरुवारी नारळाच्या रसातले गोड शिरवाळे. शुक्रवारी भरपूर शेंगदाणे घातलेले चित्रान्न आणि लिंबाची फोड. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा, म्हणून शेंगापोळी किंवा तिळाची पोळी. यातले एकही पक्वान्न परदेशातून आलेले नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, गाईच्या तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. तिळात तर हजाराहून अधिक. नाचणीतले सगळेच अंगी लागत नाही, म्हणून मोड आणायचे. ब-१२ हे जीवनसत्त्व मात्र कुठल्याही धान्यात, भाजीत भरवशाचे मिळत नाही. त्यासाठी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलीला औषध देते, रक्त तपासून घेते. "निसर्गात सगळं आहे" असली भाबडी बढाई ती मारत नाही.

मग अडचण कुठे आली? ती आली कुंद्यापाशी.

बेळगावात राहून कुंद्याला 'नको' म्हणणे म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकाला कळणे कठीण. गेल्या श्रावणात वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता. तिने सगळ्यांना कुंदा वाटला. आमच्या नातीने घरी येऊन सांगितले, "मी नको म्हटलं." आई सुखावली. रात्री पेन्सिलीला टोक करायला कंपासपेटी उघडली, तर आत तेलकट कागदाची पुडी, आणि पुडीत अर्धा कुंदा. अर्धा तिने खाल्ला होता. अर्धा आज्जीसाठी आणला होता, कारण आज्जीने सुनेच्या मनासाठी घरात कुंदा आणणे बंद केले होते, आणि ते या पोरीने पाहिले होते.

त्या रात्री सूनबाई रडली. कुंदा खाल्ला म्हणून नव्हे, मुलगी खोटे बोलली म्हणून. नात मात्र माझ्याजवळ येऊन हळूच विचारती झाली, "आज्जा, मी कुंदा खाल्ला म्हणून आणखी एक रेडकू मेलं काय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. 'नाही' म्हणावे तर तिच्या आईचे व्रत खोटे पडते. 'हो' म्हणावे तर आठ वर्षांच्या पोरीच्या मानेवर एका जिवाचे ओझे ठेवल्यासारखे होते.

अशा वेळी मला गांधीजींची आठवण होते. १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये अतिसाराने ते मरणाच्या दारी गेले, तेव्हा डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. कस्तुरबांनी वाट काढली, की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे, शेळीच्या दुधाला हरकत काय? त्यांनी शेळीचे दूध घेतले. पुढे आत्मकथेत त्यांनी कबूल केले, की व्रताचा शब्द राहिला पण आशय मोडला, आणि त्याची टोचणी त्यांना लागून राहिली. मला यातले दूध महत्त्वाचे वाटत नाही, कबुली महत्त्वाची वाटते. मोडलेले व्रत मोडले म्हणून सांगता येते, तोवर माणूस शाबूत असतो. आमच्या नातीला तेवढी जागा आम्ही ठेवली नव्हती. अहिंसेच्या डब्याने तिला पहिला धडा दिला तो लपवण्याचा.

आणखी एक गोष्ट मी सुनेला सांगितली. शाळेतल्या शिजवलेल्या जेवणाकडे नुसते 'काय वर्ज्य' या नजरेने पाहू नये. १९९५ साली केंद्राची माध्यान्ह आहार योजना आली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. कर्नाटकात २०१३ पासून शाळेत दूध मिळू लागले. २०२१ च्या डिसेंबरात कल्याण कर्नाटकातील जिल्ह्यांत अंडी सुरू झाली, न खाणाऱ्याला केळे. अंड्यांवरून तेव्हा मोठा वाद झाला. वाद घालणाऱ्यांची मुले बहुधा घरून डबा नेणारी असावीत. ज्याच्या घरी तीळ, शेंगा आणि सकाळी उठून धिरडी घालणारी आई आहे, त्याने दूध सोडणे हे व्रत. ज्याच्या घरी यातले काही नाही, त्याच्या ताटलीतले अंडे आपण काढणे ही मात्र हिंसाच. सूनबाईने मान डोलावली. "दुसऱ्याच्या ताटातलं काढा असं मी कधी म्हणणार नाही, बाबा," ती म्हणाली. मी म्हटले, "मग मुलीचा हातसुद्धा थोडा दुसऱ्याचाच समज."

शेवटी घरात एक करार झाला. घरून जाणारा डबा आईचा. त्यात तिचे व्रत आणि तिचे कष्ट. मैत्रिणीने पुढे केलेल्या घासापुढे मात्र हात नातीचा. ती घेईल, नाही घेईल. पण घरी येऊन जे झाले ते सांगेल, आणि ऐकणाऱ्याने तोंड पाडायचे नाही. हा करार सूनबाईला सगळ्यांत जड गेला. तिच्या दृष्टीने तो घास म्हणजे पेंढा भरलेले ते कातडेच. तरी तिने तो मान्य केला. दूध सोडण्यापेक्षा हे मोठे व्रत, असे मला वाटते.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. म्हटले, "एका कुंद्यानं रेडकू मरत नाही, बाळ. पण सगळेच जण 'माझ्या एकट्यानं काय होतंय' म्हणतात, म्हणून ते मरतं. तू आठ वर्षांची आहेस. एवढं ध्यानात ठेव आणि खेळायला जा."

यंदा दिवाळीच्या फराळाचे दोन डबे होणार आहेत. एकातल्या करंज्या तुपाच्या मोहनाच्या, दुसऱ्यातल्या तेलाच्या. दोन्ही डब्यांना कुलूप नाही. आज्जीची संध्याकाळची तपासणी चालूच आहे, पण परवा तिने तेलातली करंजी खाऊन पाहिली आणि "बरी झालीय" म्हणाली. आमच्या घरात एवढी कबुली पुष्कळ झाली.