कल्हई: संयोग की समवाय?

तांब्याच्या भांड्याला कल्हई करताना घन तांबे आणि वितळलेले कथील एकमेकांना भिडतात. या कामात नवसागर तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि 232 अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने पसरते.

वैशेषिक दर्शनाच्या भाषेत दोन वेगळ्या द्रव्यांची सुटू शकणारी जोड म्हणजे संयोग. अवयव आणि अवयवी यांचा न सुटणारा संबंध म्हणजे समवाय. अग्नीमुळे कथलाला येणाऱ्या द्रवत्वाची नोंद या दर्शनाचे सूत्रकार कणाद यांच्या सूत्रांत आहेच. कथील झिजून जाते, म्हणून कल्हई वरवर संयोग वाटते. पण तांब्याचे अणू वितळलेल्या कथलात उतरतात आणि काही क्षणांतच सीमेवर सहा अणू तांबे, पाच अणू कथील अशा प्रमाणाचे संयुग तयार होते. तांब्याच्या बाजूला हळूहळू तीनास एक प्रमाणाचे दुसरे. हा थर दोन्ही धातूंहून कठीण आणि ठिसूळ. भांडे तापलेले असताना पुसून वरचे वितळलेले कथील काढता येते, हा थर मात्र पुसला जात नाही.

कार्य कारणात आधीच असते, हे सांख्य दर्शनाचे मत इथे अपुरे पडते: हा ठिसूळपणा ना तांब्यात होता, ना कथलात. नव्या द्रव्याचा आरंभ मानणारे वैशेषिक इथे सत्याच्या अधिक जवळ आहेत.