पडद्यापलीकडे

बाबूराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापुरातला, 1890 सालचा. चित्रकला आणि मूर्तिकला ते बरेचसे आपले आपणच शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. कामाची इतकी तारीफ झाली, की ‘मेस्त्री’ मागे पडलं आणि गावानं दोघांना ‘पेंटर’ केलं.

मग त्यांना सिनेमाचं वेड लागलं.

विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. तेव्हा दोघांनी तो स्वतःच बनवायचं ठरवलं. 1916 मध्ये आनंदराव गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी ते सोडलं नाही. सहकारी दामले यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला. 1920 साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला.

त्यात जुनी कला वाया गेली नाही. चित्रीकरणाआधी बाबूराव प्रसंगांची, वेशभूषेची रेखाटनं करत. जाहिरातीची भित्तिपत्रकंही रंगवत. ब्रश धरणारा हात कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला, पण त्यानं ब्रश खाली ठेवला नाही.

त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम हे चित्रपटकार तयार झाले. 1929 साली याच कोल्हापुरात या तिघांनी आणखी भागीदारांसह ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीची पाटी लावली.