किल्ली कुणाची, गाडी कुणाची?

पूर्वी घरात कुणाचं चालतं हे कमरेला खोचलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून कळायचं. 'किल्ल्या सोपवल्या' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नसे. ज्याच्या हाती किल्ली, त्याचा वाडा. गाडीच्या किल्लीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हे समीकरण गुपचूप बदललंय. किल्ली आजही तुमच्याच खिशात असते, पण दुसरी किल्ली कुणी करायची, कधी करायची आणि कितीला, हे तुमच्या हातात राहिलेलं नाही. किल्ली हरवेपर्यंत हे कळतही नाही.

थोडं आतलं सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. किल्लीचं धातूचं पातं हा आता दुय्यम भाग. खरी किल्ली म्हणजे तिच्या प्लॅस्टिकमधली तांदळाएवढी चिप. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनभोवती गुंडाळलेली तार रेडिओलहरी सोडते, बहुतेक गाड्यांत 125 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्या लहरींवरच चिप जागी होते. गाडी तिला एक आकडा विचारते, चिप आपल्या पोटातलं गुपित वापरून उत्तर देते. उत्तर चुकलं तर इंजिन चालू राहत नाही. याला म्हणतात इमोबिलायझर. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. (जाता जाता: बटणवाल्या किल्लीची बॅटरी संपली म्हणून अडकलात, तर किल्ली स्टार्ट बटणाला चिकटवून बघा. त्या चिपला बॅटरी लागत नसल्याने अनेक गाड्या तशा सुरू होतात.)

एक किल्ली शाबूत असेल तर दुसरी बनवणं त्या मानाने सोपं. दोन्ही गेल्या की मात्र गाडीला आता कुणावर विश्वास ठेवायचा हेच कळत नाही.

माझ्या मामाचं हेच झालं. एक किल्ली घर बदलताना गेली होती, दुसरी हरिहरेश्वरच्या समुद्राने नेली. मामाच्या फोनमध्ये आरसी होती, विमा होता, काचेवर फास्टॅग होता, बँकेत सात वर्षं हप्ते फेडल्याची नोंद होती. सरकार, बँक आणि विमा कंपनी यांचं या बाबतीत एकमत होतं. एकटी गाडी मान्य करत नव्हती. सर्व्हिस सेंटरने फोनवर सांगितलं: गाडी टो करून पुण्याला आणा, आरसी, आधार, पोलिसांकडची हरवल्याची तक्रार द्या, किल्ली मागवावी लागेल, 12 दिवस, सगळे मिळून 26,000.

मग माणगावहून एक चावीवाला बाइकवर आला. पाठीवर सॅक, त्यात टॅबसारखं मशीन आणि पातं कापायचं छोटं यंत्र. बारीक हत्यार घालून दार उघडलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली, दीड तासात दोन किल्ल्या तयार. 7,500 रुपये. मामाने त्याला आग्रह करून जेवायला लावलं.

आणि रात्री मामा मला म्हणाला, "अरे, याला दीड तास लागतो, तर चोराला किती लागेल?"

या प्रश्नाला मी हसून उत्तर देऊ शकलो नाही, कारण माझ्या नोकरीतही हाच प्रश्न रोज असतो. आम्ही लॉगिनच्या स्क्रीनवर महिने घालवतो, पण खरा दरवाजा असतो 'पासवर्ड विसरलात?' ही छोटी ओळ. ती ढिली ठेवली तर लबाड आत येतो. ती आवळली तर जुनं सिम गेलेली आजी आपल्याच खात्याबाहेर उभी राहते. खोट्याला आत घेणं आणि खऱ्याला बाहेर ठेवणं, या दोन्ही चुका एकदम शून्यावर येत नाहीत. कुठली किती होऊ द्यायची हे कुणीतरी ठरवतं, आणि ते ठरवणं मला तांत्रिक वाटत नाही. ती भुर्दंडाची वाटणी आहे. गाडी चोरीला गेली तर भुर्दंड मालकाचा आणि विमा कंपनीचा. किल्ली हरवली तर भुर्दंड मालकाचा. नियम आखणाऱ्या कंपनीच्या खिशाला दोन्हीकडे झळ नाही, उलट दुसऱ्या प्रसंगात बिल तिच्याकडूनच येतं.

तरीही इमोबिलायझर म्हणजे नुसता लुटायचा धंदा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत 2011 ते 2021 या काळातल्या ह्युंदाई आणि किआच्या बऱ्याच मॉडेलांत तो नव्हता. कॅनडात 2007 पासून सक्ती असल्याने तिथे विकलेल्या गाड्यांत तो होता. 2022 मध्ये यूएसबी केबलच्या टोकाने या गाड्या कशा सुरू करायच्या याचे व्हिडिओ अमेरिकेत टिकटॉकवर पसरले, आणि शाळकरी पोरं गाड्या पळवू लागली. अपघातांत माणसं मेली. कुलूप लागतंच.

माझं भांडण गुप्ततेशी आहे. ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये लष्करी संदेशांविषयी लिहिताना एक तत्त्व मांडलं: तुमची यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. गाडी कंपन्यांनी अनेकदा उलटं केलं, यंत्रणाच लपवली. मेगामोस क्रिप्टो नावाच्या चिपमधल्या त्रुटी फ्लावियो गार्सिया आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शोधल्या, तेव्हा 2013 मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या हायकोर्टातून त्यांचा निबंध थांबवला. तो 2015 मध्ये छापला गेला, एक वाक्य गाळून. दोन वर्षं गाडीमालकांना ठाऊक नव्हतं की आपलं कुलूप कच्चं आहे. चोरांना ठाऊक नव्हतं, असं मी पैजेवर सांगणार नाही.

अमेरिकेत एक मधला मार्ग आहे. तिथे तपासून नोंदवलेल्या किल्लीवाल्यांना कंपन्यांकडून गाडीचे कोड अधिकृतपणे विकत घेता येतात. अट अशी की त्यांनी मालकाची ओळख पटवायची आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे कारागिराला चोराच्या रांगेत उभं करत नाहीत, आणि मोकाटही सोडत नाहीत. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण माणगावच्या चावीवाल्याला मान्यता देईल अशी यादी त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. तो बाजारात मिळणारं मशीन घेतो आणि एकमेकांना विचारून शिकतो.

त्याने एक गोष्ट मात्र केली होती, ती मामाने मला नंतर सांगितली. वायर लावण्याआधी त्याने आरसी आणि आधार ताडून पाहिलं, गाडीशेजारी मामाचा फोटो काढला, आणि सॅकमधून एक शंभरपानी वही काढून गाडीचा नंबर, तारीख, सही घेतली. "उद्या कोणी विचारलं तर?" म्हणाला. ती वही ठेवायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या शेजारचा चावीवाला ठेवत असेलच असं नाही.

मामा आणि मी यावर अजून भांडतो. त्याचं मत आता पालटलंय. "पुन्हा हरवली तर 12 दिवस लागू देत, पण माझी गाडी असं कुणाचं ऐकायला नको," तो म्हणतो. मी त्याला सांगतो, तुझ्याकडे दारात स्कूटर आहे, मामा. तुझ्या कॉलनीच्या नाक्यावर जो टुरिस्ट टॅक्सी लावतो, त्याला विचार 12 दिवस गाडी उभी ठेवशील का. मामा म्हणतो, त्यालाच विचार, रात्री गाडी रस्त्यावर लावून झोप लागते का.